धुरावरच्या मटणाला पाण्याचं पातेलं कशाला?

प्रश्न : आमचं गाव नारायणगडाच्या पंचक्रोशीत आहे. घरात आई-वडील माळकरी, त्यामुळं मटणाची चूल आम्ही शेतातच पेटवतो. मेव्हण्यानं जुन्या लोखंडी पिंपाची भट्टी करून दिली आहे. खाली बाभळीचा कोळसा, वर जाळी, जाळीवर बोकडाची अख्खी मांडी, आणि झाकण लावून चार-पाच तास धूर, असा बेत असतो. मोबाइलवरच्या व्हिडिओंत इंगळ आणि जाळी यांच्यामध्ये पाण्याचं भांडं ठेवलेलं दिसतं. मेव्हणा म्हणतो, आपल्याकडची हवा कोरडी, पाणी ठेवलं नाही तर मटण वातड होणार. मी म्हणतो, पाणी ठेवलं तर ते धुरावलेलं कसलं, उकडलेलंच की! कुणाचं खरं?
— एक वाचक, जि. बीड

उत्तर : पाणी ठेवा. पण मेव्हण्यांनी सांगितलेलं कारण चुकीचं आहे आणि तुमची भीतीही अनाठायी आहे.

आधी कोरड्या हवेचं पाहू. एप्रिलमधली दुपार धरा : बाहेर ४० अंश सेल्सिअस, आर्द्रता २० टक्के. हीच हवा पिंपाच्या खालच्या भोकांतून आत शिरते आणि ११० अंशांपर्यंत तापते. हवा तापली की तिची बाष्प धरायची ताकद प्रचंड वाढते, त्यामुळं आत तिची सापेक्ष आर्द्रता जेमतेम १ टक्का उरते. आता श्रावणातली झड धरा : बाहेर २६ अंश, आर्द्रता ८५ टक्के. ती हवा ११० अंशांना तापल्यावर आर्द्रता उरते २ टक्के. मटणाच्या दृष्टीनं १ काय आणि २ काय, दोन्ही कोरडेच. भट्टी बीडला पेटवा नाहीतर रत्नागिरीला, बाहेरच्या हवेनं आतला मामला फारसा बदलत नाही.

आतला ओलावा ठरतो तो जळणावर. १ किलो सुकं लाकूड पूर्ण जळलं, तर त्यातल्या हायड्रोजनपासून अर्धा लीटरच्या आसपास पाणी तयार होतं आणि वाफेच्या रूपानं धुराबरोबर वर येतं. लाकूड थोडं ओलसर असेल तर त्यातलं पाणी वेगळंच. कोळशाचं तसं नाही. लाकडाचा कोळसा करतानाच त्यातलं पाणी आणि बहुतेक हायड्रोजन निघून गेलेला असतो, त्यामुळं कोळशाची धग कोरडी. अमेरिकेत टेक्सासकडचे जुने भट्टीवाले मोठ्या भट्ट्यांमध्ये अख्खे ओंडके जाळतात आणि पाण्याच्या भांड्यावाचून त्यांचं काही अडत नाही. कोळशावर चालणाऱ्या उभ्या, बुटक्या भट्ट्यांमध्ये मात्र भांडं मुळातच बसवलेलं असतं. वेबर कंपनीनं १९८१ मध्ये बाजारात आणलेली ‘स्मोकी माउंटन’ ही त्यातली सगळ्यांत नावाजलेली. तुमचं पिंप याच जातीचं : कोळसा खाली, मटण बरोबर त्याच्या डोक्यावर. म्हणून तुम्हाला भांडं हवं.

पाणी करतं काय?

पहिलं आणि मोठं काम आडोशाचं. लाल इंगळाची धग सरळ रेषेत वर जाते. मध्ये काही नसेल तर मांडीची खालची बाजू तासाभरात करपते आणि हाडाजवळ मटण कच्चंच राहतं. मध्ये पाण्यानं भरलेलं रुंद पातेलं आलं की थेट धग अडते आणि गरम हवा कडेनं वळसा घेऊन वर चढते. मटण हवेच्या उष्णतेवर शिजायला लागतं.

दुसरं काम आगीला लगाम घालण्याचं. पाणी उकळबिंदूच्या वर तापत नाही. बीड शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंच, त्यामुळं तिकडं पाणी १०० ऐवजी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. वारं सुटून इंगळ अचानक फुलले तरी जादा उष्णता आधी पाण्याची वाफ करण्यात खर्च होते आणि वरची हवा एकदम भडकत नाही. हा हिशेब छोटा नाही. गार पाण्यापासून सुरुवात करून १ लीटर पाण्याची पुरती वाफ करायला साधारण २,६०० किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे कागदावर ८० ते ९० ग्रॅम कोळसा. प्रत्यक्षात बरीच उष्णता धुराबरोबर निघून जाते, त्यामुळं कोळसा याहून जास्त जळतो. पाणी ठेवलं की कोळसा जास्त लागणार हे गृहीत धरा.

तिसरं काम मटणाचा पृष्ठभाग ओलसर ठेवण्याचं. धुरातले चवीचे घटक, मुख्यतः लाकडातल्या लिग्निनपासून सुटणारी फिनॉल संयुगं, कोरड्या सालीपेक्षा ओल्या पृष्ठभागाला चांगली धरतात. धुरावलेलं मटण कापल्यावर कडेला जो गुलाबी पट्टा दिसतो, तोही जळणातून सुटलेले नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड हे वायू ओल्या पृष्ठभागात विरघळून मांसातल्या मायोग्लोबिनशी जुळल्यामुळं येतो. म्हणजे पाण्यामुळं धूर कमी लागत नाही, पहिल्या दोन तासांत तो जास्तच लागतो. उकडलेल्या मटणाची तुमची शंका इथं मिटावी. उकडताना मटण पाण्यात किंवा कोंडलेल्या वाफेत असतं. इथं हवा वाहती असते आणि पाण्याच्या उकळबिंदूहून गरम असते.

चौथं काम चरबी झेलण्याचं. चरबी सरळ इंगळावर पडली की चर्र होऊन काळपट, कडवट धूर उठतो, आणि त्यात बेंझोपायरिनसारखी आरोग्याला घातक संयुगं असतात. तीच चरबी पाण्यात पडली की नुसती तरंगत राहते.

आणि काय करत नाही?

पातेल्यातलं पाणी मटणात शिरत नाही. मांसात मुळातच पाऊणएक पाणी असतं. मांस आतून ६०-६५ अंशांच्या पुढं तापलं की त्याचे धागे आखडतात आणि पाणी बाहेर पिळून टाकतात. बाहेर कितीही वाफ असो, हे पिळणं थांबत नाही. म्हणून तर रश्शात बुडून असलेलं मटणही फार शिजवलं की चोथा होतं. रसदारपणा हवा असेल तर त्याच्या वाटा वेगळ्या. एक, आदल्या रात्री मांडी मिठाच्या पाण्यात, १ लीटरला ५० ग्रॅम मीठ या प्रमाणात, फ्रिजमध्ये बुडवून ठेवा. मिठामुळं मांसातली प्रथिनं पाणी धरून ठेवतात. दोन, घाई करू नका. सांध्याभोवतीच्या शिरा आणि पडदे यांतल्या कोलॅजेनचं जिलेटिन व्हायला ७० अंशांच्या वर बराच वेळ जावा लागतो, आणि ते जिलेटिनच आपल्याला तोंडात मऊ, रसदार लागतं.

पातेल्यात लिंबू, कोथिंबिरीचे देठ, लवंगा, काही जण तर बिअर ओततात. त्याचा वास भट्टीजवळ उभ्या असलेल्यांना येतो, मटणाला तो लागल्याचं जाणवत नाही. मसाला मटणाला चोळा, पाणी साधंच ठेवा.

आता एक गोष्ट अशी, की जिच्यामुळं नवशिके घाबरून इंगळ वाढवतात. मटणाच्या पोटातलं तापमान छान चढत जातं आणि ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान कुठंतरी अडून बसतं. तास-दीड तास काटा हलत नाही. आग कमी पडली असं वाटतं, पण कारण दुसरंच असतं. मटणाच्या अंगातून पाझरणारं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. मातीच्या माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं, त्याच कारणानं मटण तापायचं थांबतं. ग्रेग ब्लोंडर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं हे साध्या प्रयोगानं दाखवलं. त्यानं भट्टीत पाण्यानं भिजवलेला स्पंज आणि नुसत्या चरबीचा गोळा ठेवला. चरबीचं तापमान सरळ चढत गेलं, स्पंजाचं मटणासारखंच अडलं. पातेल्यातल्या वाफेमुळं मटणावरचं बाष्पीभवन थोडं मंदावतं, पण ही अडवणूक टळत नाही. अशा वेळी मांडी केळीच्या पानात किंवा अॅल्युमिनियम फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा. बाष्पीभवन थांबलं की काटा पुन्हा चढू लागतो. तोवर धूर हवा तेवढा लागून झालेला असतो.

पातेलं ठेवायचं कसं?

भांडं रुंद आणि उथळ हवं, पिंपाच्या घेरापेक्षा चारेक बोटं लहान, म्हणजे कडेनं हवा वर जाईल. लोखंडी परात किंवा स्टीलचं पातेलं चालेल. जस्ताचा मुलामा दिलेलं बांधकामाचं घमेलं वापरू नका. जस्त फार तापलं की त्याचा धूर अपायकारक असतो. भांडं इंगळाला टेकवू नका, वीतभर वर राहू द्या.

पाणी उकळतंच ओता. गार पाणी ठेवलं तर भट्टीचा पहिला तास पाणी तापवण्यातच जातो. पाच तासांच्या बेताला तीन-चार लीटर पाणी लागेल, आणि मधेच एकदा पाहून भर घालावी लागेल. ही भरही उकळत्या पाण्याचीच. पातेलं कोरडं पडू देऊ नका, नाहीतर साठलेली चरबी पेटते आणि केल्या कामावर काजळी चढते.

थर्मामीटर नसेल तर पातेल्याकडं पाहूनही आगीचा अंदाज येतो. पाणी नुसतं हलतंय, वाफ निघतेय, अधूनमधून एखादा बुडबुडा येतोय, म्हणजे जाळ बेताचा. खळखळून उकळी फुटली तर खालची भोकं थोडी बुजवा. वाफच दिसेनाशी झाली तर भोकं उघडा. झाकणावरचं धुराडं मात्र कधीच बंद करू नका. ते बंद केलं की वाफ आणि धूर झाकणाला आतून थंड होतात, डांबरासारखे काळे थेंब जमतात आणि ते मटणावर ठिबकतात. असं मटण खाल्लं की जीभ चरचरते आणि दोष मात्र पाण्याला दिला जातो. आगीचं नियंत्रण खालून करायचं, वर वाट मोकळी ठेवायची.

पिंपातली हवा १०५ ते १२० अंशांदरम्यान राहिली, तर दीड-दोन किलोंची बोकडाची मांडी चार ते सहा तासांत होते. आतलं तापमान ९० अंशांच्या आसपास गेलं आणि हाड हलवल्यावर सहज फिरलं की उतरवा. पाण्यामुळं वरची साल खरपूस झालेली नसते. ती आवडत असेल तर शेवटची दहा-पंधरा मिनिटं मांडी पातेल्याच्या आडोशातून काढून सरळ इंगळावर, उलटसुलट करत शेका.

कोंबडीबाबत परदेशी पुस्तकं पाणी टाळायला सांगतात, कारण दमट हवेत कातडी रबरासारखी होते. आपल्याकडं कोंबडी बहुतेक वेळा सोलूनच मिळते. कातडीच नाही म्हटल्यावर तो प्रश्न उरत नाही, उलट उघडं मांस वरून चामट होऊ नये म्हणून पाणी उपयोगी पडतं. कोंबडी आतून ७४ अंशांना पोहोचल्याशिवाय खाऊ नये.

जळणाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. धुरासाठी कोळशावर टाकायच्या ढलप्या आंबा, जांभूळ, बोर किंवा बाभूळ यांच्या घ्या. बांधावर, ओढ्याकाठी माजलेली वेडी बाभूळही चालेल. टेक्सासात ज्या ‘मेस्किट’ लाकडाचा एवढा बोलबाला आहे, ती वेड्या बाभळीची जवळची नातलग. तिचा धूर उग्र असतो, म्हणून दोन-तीन ढलप्यांवर थांबा. कडुनिंब आणि निलगिरी टाळा. कण्हेर तर चुकूनही नको, तिचं लाकूड विषारी आहे. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, जुन्या खोक्यांच्या फळ्या यांनाही भट्टीत जागा नाही.

याच विषयाला जोडून आलेले तीन प्रश्न

प्रश्न : उन्हाळ्यात आमच्याकडं टँकरवर दिवस काढावे लागतात. चार लीटर पाणी भट्टीत उडवायला जिवावर येतं. पर्याय आहे का?

उत्तर : आहे, वाळू. पातेल्यात चार बोटं कोरडी, धुतलेली वाळू भरा आणि वरून फॉइल लावा. थेट धग अडवणं आणि उष्णता साठवून ती सावकाश सोडणं ही कामं वाळू चोख करते, कोळसाही वाचतो. चरबी फॉइलवर साठते, तिच्यावर लक्ष ठेवा; पाण्यासारखी ती इथं थंड राहत नाही. वाळू वाफ देत नाही, म्हणून पहिले दोन तास अर्ध्या तासानं मटणावर मिठाच्या पाण्याचा हबका मारा. मग दिवसभराला तांब्याभर पाणी पुरतं. नदीतले ओले गोटे मात्र वाळूच्या जागी ठेवू नका. त्यांच्या भेगांत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ते तडकतात आणि कपच्या उडतात. आणि वाळूचं भांडं फार तापलं तर त्याला पाण्यासारखी वरची मर्यादा नाही, तेव्हा इंगळ सुरुवातीपासून कमीच ठेवा.

प्रश्न : आमची आजी मांसाच्या पट्ट्या दोरीवर वाळवून चान्या करायची. त्या धुरावर धरायच्या असतील तर पाणी ठेवावं का?

उत्तर : मुळीच नाही. इथं सगळंच उलट आहे. चान्या करण्याचा हेतू मांस शिजवणं हा नसून त्यातलं पाणी काढून टाकणं हा आहे, म्हणजे जंतूंना वाढायला ओल उरत नाही आणि मांस महिनोन्‌महिने टिकतं. या कामाला बाहेरची हवाच लागते, त्यामुळं मराठवाड्यातला चैत्र-वैशाख त्याला उत्तम. वर भट्टीच्या बाबतीत निरुपयोगी ठरलेली कोरडी हवा इथं सगळं काम करते. पट्ट्या पातळ, बोटभरापेक्षा जाड नकोत. मीठ सढळ हातानं. धूर दिला तर विरळ आणि थंड द्यावा. त्यानं माश्या लांब राहतात आणि चरबी खवट व्हायला वेळ लागतो. गोव्यात डुकराच्या मांसाचे चोरीस उन्हात वाळवून चुलीवर टांगतात, नागालँडमध्ये चुलीच्या वरच्या मांडवावर मांस आठवडेच्या आठवडे धुरात लटकत असतं. दोन्हीकडं पाण्याचं भांडं नाही. पावसाळ्यात हा उद्योग करू नका, पट्ट्यांना बुरशी येईल.

चान्यांबद्दल आणि मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या एकूण खाण्याबद्दल वाचायचं असेल तर शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे २०१५ चं पुस्तक जरूर मिळवा. आपल्या पाकपुस्तकांनी ज्या चुलींकडं पाहिलंच नाही, त्यांची नोंद त्यात आहे.

प्रश्न : रायगडकडच्या पोपटीत तर पाण्याचा थेंब घालत नाहीत आणि तरी कोंबडी मऊसूत होते. मग पाण्याची गरज काय?

उत्तर : पोपटीत पाणी असतं, फक्त ते वेगळं ओतलेलं नसतं. मडक्यात वालाच्या ओल्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा हिरवा पाला ठासलेला असतो. मडक्याचं तोंडही त्याच पाल्यानं बंद करून मडकं उलटं ठेवतात आणि भोवती जाळ करतात. शेंगांतली आणि पाल्यातली ओल वाफ होऊन आतच कोंडते, कोंबडी त्या वाफेवर शिजते. जाळ बाहेर असतो, मांसाला थेट धग लागत नाही. म्हणजे आडोसा आणि ओलावा ही दोन्ही कामं मडकं आणि पाला करतात. पोपटीला जो वास येतो तो मुख्यतः भांबुर्ड्याचा, लाकडाच्या धुराचा नव्हे. पहिल्या प्रश्नातल्या वाचकाची शंका होती ना, पाण्यामुळं मांस उकडलेलं होईल? वाफेवरचं मांस चाखायचं तर हिवाळ्यात रायगडची पोपटी खावी. धुरावलेली मांडी ही त्याहून निराळी वस्तू आहे.

आता थोडक्यात. कोळशाच्या पिंपात अख्खी मांडी धुरावताना पाणी ठेवावं, किंवा पाण्याची टंचाई असेल तर वाळू. ओंडक्यांच्या, आग बाजूला असलेल्या भट्टीत नसलं तरी चालतं. मांस वाळवायचं असेल तर ठेवू नये. भट्टी शेतात उघड्यावर पेटवता हे योग्यच. कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड बंद गोठ्यात किंवा शेडमध्ये माणसाच्या जिवावर उठतो, आणि त्याला वास नसतो.

राहता राहिलं ते पिंप. पाण्याच्या वादापेक्षा हे महत्त्वाचं. ते पूर्वी फवारणीच्या औषधाचं किंवा कारखान्यातल्या रसायनाचं असेल, तर कितीही घासलं, जाळलं तरी त्यात अन्न करू नका. खाद्यतेलाचं असेल तर मटण चढवण्याआधी एकदा मोकळ्या रानात मोठा जाळ करून आतला रंग आणि तेलकटपणा पुरता जाळून टाका. त्यात आधी काय भरलेलं होतं, हे मेव्हण्यांना आजच विचारून घ्या.